नेदर स्लेडची पांदण

काशीनाथ भालेरावनं जन्मात दोन गावांची शेव, म्हणजे शीव, पाठ केली. एक यवतमाळ जिल्ह्यातलं पळसकुंड, जिथं तो बत्तीस वर्षं कोतवाल होता. दुसरं इंग्लंडातलं नेदर स्लेड, मिल्टन कीन्सपासून मोटारीनं पाऊण तासावर.

नेदर स्लेडला गाव म्हणताना जीभ अडखळते. घरं सात. दुकान नाही, शाळा नाही, चर्च नाही, बस येत नाही. आमच्याकडं असल्या वस्तीला पोड म्हणतात, आणि पोडातसुद्धा एखादी पानटपरी सापडते. इथं गंजलेल्या दांड्याचा एक हातपंप आणि एक लाल पत्रपेटी, झालं. पण पोडाला इतिहास नसतो असं थोडंच आहे? लिहिणाऱ्याला तिथवर यायला वाट नसते, एवढंच.

काशीनाथचा पोरगा सम्यक मिल्टन कीन्सला सॉफ्टवेअरच्या कामाला. त्यानं या सातातलं शेवटचं घर घेतलं. वीटभट्टीच्या मजुरांसाठी कोणे एके काळी बांधलेलं, ठेंगणं, उंच माणसाला दारात मान वाकवायला लावणारं. चौदा वर्षांमागं त्यानं आईबापाला आणलं. सम्यक आणि सून दीक्षा सकाळी आपापल्या गाड्या काढून जायची ती अंधार पडल्यावर परत. तिची नोकरी दवाखान्यात. म्हातारा-म्हातारी दिवसभर खिडकीतून मेंढ्या पाहायची.

"मेंढ्याच मेंढ्या," कांताबाई म्हणायची. "मानूस दिसला तं त्याची नजर उतरवीन मी."

तिसऱ्या आठवड्यात माणूस दिसला. रेज टॉमलिन, पंपाशेजारच्या घरातला, वय तेव्हा बहात्तर. बायको गेलेली, लेक दूर साउथहॅम्प्टनला. रोज अकराच्या ठोक्याला हा बाबा काठी घेऊन वस्तीच्या मागच्या फाटकातून वावरात उतरायचा आणि दीडच्या सुमारास परत यायचा. काशीनाथनं तीन दिवस पाहिलं. चौथ्या दिवशी कानटोपी घातली आणि मागं निघाला. रेजनं वळून पाहिलं अन् फाटक धरून उभा राहिला. ओळख झाली ती तेवढ्यात.

फाटक, वावर, ओढ्यावरची फळी, पुन्हा वावर, मग ओव्हर स्लेड. हे मोठं गाव. चर्च तिथं, दुकान तिथं, डॉक्टर तिथं, बसचा थांबा तिथं. पायवाटेनं सारा एक मैल. मोटाररस्त्यानं गेलं तर तेच तीन मैल, आणि रस्ता असा की दोन्ही अंगांना झुडपांच्या भिंती, पायी माणसाला अंग चोरायला जागा नाही, खडीचे ट्रक डोक्यावरची टोपी घेऊन जातात. वाट म्हणजे वस्तीचा श्वास होता म्हणा. आमच्या वऱ्हाडात अशा वाटेला पांदण म्हणतात. दोन्हीकडं वावरं, मधून सगळ्यांची वाट. ज्याचं वावर त्याची ती नसते, आणि ज्याला वावर नाही त्याचीही असते.

काशीनाथला इंग्रजी येत होतं पन्नास शब्द. रेजला मराठी अजिबात नाही. पण बोलणं अडलं नाही, कारण रेज करून दाखवायचा. पंपाशी थांबून दांडा हलवायची नक्कल करायचा आणि तळहात जमिनीपासून हातभर उंच धरायचा, म्हणजे मी एवढा असताना आई इथं पाणी भरायची. तीन नंबरच्या दारात मांडीवर उशी घेतल्यासारखं करून बोटं भराभर नाचवायचा. इथं बाया लेस विणायच्या, उजेडासाठी उंबऱ्यात बसून. ओढ्यापलीकडच्या मोठ्या खड्ड्याकडं काठी करायचा, मग आपल्या भिंतीवर थाप मारायचा. ती माती, या विटा. भट्टी विझली, तिकडं नवं शहर उठलं, माणसं गवंडीकामाला गेली ती तिथलीच झाली. एकेका घराकडं बोट करून तो नावं घ्यायचा आणि हात चर्चकडं करायचा. म्हणजे, तिकडं निजलाय.

काशीनाथला ती नावं पाठ झाली. कोतवालानं दुसरं काय केलेलं असतं आयुष्यभर? कोण कुठं राहतो, कोणाचा धुरा कुठवर, कोणता दगड कोणी सरकवला.

कोतवालकी त्याला बापाकडून आली, बापाला आज्याकडून. आज्याच्या वेळी ती नोकरी नव्हती, वेठ होती. दोन गावांत शेवेचा तंटा पेटला की महाराला बोलावणं जायचं. आजा डोक्यावर मातीचं ढेकूळ घेऊन चालायचा आणि तो चालला ती शेव. पाटील, देशमुख मागं मागं यायचे. त्या दिवशी त्याच्या पावलापुढं कोणाचं चालायचं नाही. आणि त्याच सांजेला तो विहिरीच्या खाली ओंजळ पसरून उभा, वरून कोणी ओतलं तर प्यायचा. काशीनाथ दहा वर्षांचा असताना घर बुद्धाच्या मार्गाला लागलं आणि बापानं ओंजळ मोडली. "बाबासाहेबानं तळ्याचं पानी मांगून नाई पेलं," बाप सांगायचा. "गेले अन् पेले. मांगून भेटते थो उपकार. त्याले हक्क नाई म्हनत." काशीनाथनं हे सम्यकला इतक्यांदा ऐकवलं होतं की पोरगा तोंडातल्या तोंडात पुढचं वाक्य म्हणायचा.

वाटेच्या मध्यावर, ओढा ओलांडला की एक चपटा लांबट दगड होता. पहिल्या दिवशी रेजनं तिथं थांबून खांद्यावर जड काही घेतल्यासारखं केलं, चार पावलं डुलत चालला आणि ते जड हळूच दगडावर ठेवलं. मग कपाळ पुसलं. काशीनाथनं ताबडतोब ओळखलं.

"विसावा," तो म्हणाला.

नेदर स्लेडला स्वतःची मसणवट कधी नव्हती. मेलेलं माणूस याच वाटेनं खांद्यावर ओव्हर स्लेडला जायचं आणि इथं खांदा बदलायचा. रेजचा आजा, बाप, आई, बायको सगळी इथं घटकाभर टेकली होती. "विसावा," रेज म्हणाला. त्याला जमला तो शब्द. पुढं चौदा वर्षं तो दगडापाशी आला की म्हणायचा आणि बसायचा.

आता चूक सांगतो.

सात वर्षांमागं ते वावर विकलं गेलं. नवा मालक प्रेंटिस, लंडनहून आलेला, पन्नाशीचा, वाटेत भेटला की आपल्या कुत्र्याला खाली बसवून "मॉर्निंग" म्हणणारा. पहिल्याच हिवाळ्यात फाटकाशी घोट्याएवढा चिखल झाला, तर या माणसानं कोणी न सांगता ट्रॉलीभर खडी आणून टाकली. काशीनाथ बघतच राहिला. पळसकुंडला बत्तीस वर्षांत त्यानं पांदणीवर नांगर घालणारे मालक पाहिले होते, काटे टाकणारे पाहिले होते, पांदणीत तूर पेरणारा एक पाहिला होता. खडी टाकणारा नव्हता पाहिला.

"यायले काही तरी द्यायले पायजे," तो घरी म्हणाला.

"करंज्या देऊ," कांताबाई म्हणाली.

"कार्ड देऊ या, बाबा," सम्यक म्हणाला. "इथं थँक यू कार्ड देतात."

सम्यकनं कार्ड आणलं, लाल छातीच्या पक्ष्याचं. आत इंग्रजीत लिहिलं की तुमच्या शेतातून आम्हांला जाऊ देता, या तुमच्या मोठेपणाबद्दल आभारी आहोत. काशीनाथला वाचून दाखवलं. काशीनाथनं मान डोलावली आणि म्हणाला, "सातही घराच्या सह्या पायजे." पंचनाम्याची खोड. सहीवाचून कागद त्याला उघडा वाटायचा. दुसऱ्या दिवशी एका हातात कार्ड आणि दुसऱ्यात करंज्यांचा डबा घेऊन तो दारोदार फिरला. सगळ्यांनी हसत सही केली, करंजी खाल्ली.

रेजनं मात्र चष्मा लावून कार्ड दोनदा वाचलं. पेन टेबलावर ठेवलं. एक लांब वाक्य बोलला. काशीनाथला काही उमगलं नाही, पण तोंड पाहून एवढं कळलं की म्हाताऱ्याला हे गोड लागलेलं नाही. त्याला वाटलं, नव्या मालकाशी जुनी काही खुन्नस असेल. गावात असतेच. त्यानं पेन परत पुढं केलं. "प्लीज, रेज." रेजनं त्याच्याकडं पाहिलं, करंज्यांकडं पाहिलं, आणि सही केली.

सगळ्यात जुन्या माणसाची सही ती. सगळ्यात खाली.

यंदाच्या मार्चात फाटकाला साखळी आणि कुलूप लागलं. सातही घरी प्रेंटिसचं पत्र आलं, फार सभ्य. वावरात सोलरचे पॅनल बसणार, कुंपण घालावं लागणार, गैरसोयीबद्दल क्षमस्व.

"कुलूप लावाचं अन् सॉरी म्हनाचं," कांताबाई म्हणाली. "आपल्याकडचे निदान शिव्या तरी देतेत."

रेज अकराला काठी घेऊन फाटकाशी आला. कुलूप हातात धरून पाहिलं, जणू कोणी चुकून अडकवलं असेल. मग परत फिरला. त्यानंतर रविवारी सम्यक त्याला गाडीनं बायकोच्या कबरीवर नेऊन आणायचा, पण एरवी तो खिडकीतच दिसे.

कौन्सिलच्या पक्क्या नकाशात ही वाटच नव्हती, हे तेव्हा बाहेर आलं. सत्तर-पंचाहत्तर वर्षांमागं सगळ्या पायवाटांच्या याद्या झाल्या, तेव्हा ओव्हर स्लेडच्या कारकुनानं आपल्या गावच्या वाटा लिहिल्या आणि ही सोडली. का सोडली? सगळ्यांना माहीतच आहे म्हणून. काशीनाथला हे ऐकून हसू आलं. तलाठी कुठलाही असो, जात एकच.

पण उपाय होता. वीस वर्षं लोक एखाद्या वाटेनं सलग चालले असतील तर ती वाट लोकांची, असा तिथला कायदा. तसे फॉर्म भरून द्यायचे. हे कळल्यावर काशीनाथ दहा वर्षांनी तरणा झाला. पळसकुंडला बौद्धवाड्याच्या मसणवटीची पांदण एकानं नांगरून टाकली होती. नऊ वर्षं लढून तहसीलदाराच्या आणि जेसीबीच्या संगतीनं ती उघडली, तेव्हा टेपचं एक टोक काशीनाथच्या हातात होतं. त्यानं घराघरात जाऊन फॉर्म गोळा केले. स्वतःची चौदा वर्षं. तीन नंबरच्या दोघी बहिणी, त्यांची चाळीस. रेजनं लिहिलं, जन्मल्यापासून, पहिली दोन वर्षं आईच्या कडेवर. शहाऐंशी वर्षांचा साक्षीदार. असा साक्षीदार पळसकुंडच्या केसमध्येही नव्हता.

"हे केस हरत नाई," काशीनाथ म्हणाला.

जूनमध्ये कौन्सिलची हेलन आली. तिशीतली, पाठीवर पिशवी, स्वभावानं बरी. सम्यकच्या स्वयंपाकघरात सगळे जमले. रेजला काशीनाथनं हात धरून आणलं. कांताबाईनं चहा ठेवला. हेलननं पिशवीतून एक झेरॉक्स काढून टेबलावर ठेवली. लाल छातीचा पक्षी झेरॉक्समध्ये काळा आला होता.

हेलन बोलत गेली आणि सम्यक सांगत गेला.

"बाबा, ती म्हणते, तीन गोष्टी लागतात. जबरदस्तीनं चाललेलं नको, लपूनछपून चाललेलं नको, आणि..."

"अन् काय?"

"परवानगीनं चाललेलं नको."

काशीनाथ झेरॉक्सकडं पाहत होता. "आपन कवा मांगतली परवानगी?"

"मागितली नाही, बाबा. आभार मानले. जाऊ देता म्हणून. म्हणजे त्यानं जाऊ दिलं, तो नाही म्हणू शकत होता, हे आपण सहीनिशी मान्य केलं. सातही घरांनी."

"पन थ्या आंधीचं? रेजचे ऐंशी वर्षं?"

सम्यकनं विचारलं. हेलननं हळूच मान हलवली. वीस वर्षं कुलपापासून मागं मोजायची, आणि हे कार्ड त्यांच्या मध्येच आडवं पडलंय. जुन्या काळाचं म्हणाल तर त्याला कागद हवा, नकाशा हवा. एका माणसाच्या आठवणीला निकाल देणारा निरीक्षक किती वजन देईल सांगता येत नाही. तीन नंबरची थोरली बहीण मध्येच म्हणाली की आभार खडीचे होते, वाटेचे नव्हते, तसं मांडता येईल. हेलननं ते लिहून घेतलं. बघू, म्हणाली. आशा म्हणायची तर तेवढीच.

"तिले सांग," काशीनाथ सम्यकला म्हणाला, "हे माह्यं काम होय. बाकीच्यायनं माह्या भिडेखातर सह्या केल्या. तसं लिव म्हनाव."

हेलननं तेही लिहिलं. पुढच्या पानावर, चांगल्या अक्षरात. त्यानं काही होणार नव्हतं, हे तिच्या लिहिण्यावरूनच कळत होतं.

मग काशीनाथनं सम्यकला विचारलं, "रेज त्या दिवशी काय बोलला होता थे इचार." सम्यकनं विचारलं. रेज म्हणाला, आठवत नाही. आणि काशीनाथच्या गुडघ्यावर दोनदा थोपटलं. आठवत होतं त्याला. न आठवणारा माणूस असा थोपटत नाही.

सगळे गेल्यावर कांताबाई कप विसळत म्हणाली, "सासरा सांगून सांगून मेला, मांगू नोका. अन् तुमी करंज्या घेऊन गेले."

"करंज्या तूच तळल्या ना?"

"मी करंज्या तळल्या. मोठेपन्यावर सह्या तुमी घेतल्या."

काशीनाथनं विसळलेले कप पुसायला घेतले. हे त्याला कोणी दुसऱ्यानं केलं असतं तर सहन झालं असतं. ज्याच्या बापानं ओंजळ मोडली, त्यानं साता समुद्रापार येऊन, कोणी न सांगता, सात घरांना रांगेत उभं करून ओंजळ पसरायला लावली. तीही हसत हसत.

रेज ऑक्टोबरात गेला. सकाळी खिडकीत दिसला नाही म्हणून काशीनाथ पाहायला गेला, तर खुर्चीतच. त्याची लेक लिंडा साउथहॅम्प्टनहून आली. बापानं लिहून ठेवलं होतं, मला वाटेनं न्या, खांद्यावर, गाडीतून नको. लिंडानं प्रेंटिसला फोन केला आणि प्रेंटिस संध्याकाळीच दारात हजर. डोळ्यांत पाणी होतं, ते खोटं नव्हतं. जरूर न्या म्हणाला, फाटक मी स्वतः उघडीन. दहा ते चार. फक्त वकिलाच्या म्हणण्याखातर एका कागदावर सह्या लागतील. अमुक दिवशी मालकाच्या परवानगीनं जात आहोत, येणाऱ्यांची नावं अशी. निव्वळ औपचारिकता.

काशीनाथला ते सम्यकनं सांगितलं. खडीची पळवाट अजून जिवंत होती, निकाल लागायचा होता. या कागदानं, म्हणजे परवानगी पुन्हा सहीनिशी मान्य केल्यानं, तीही मरणार, हे कळायला कोतवालकी लागत नाही.

तो रेजच्या घरी गेला. लिंडा बापाचे कपडे खोक्यात भरत होती. सगळ्या वाटेनं त्यानं शब्द जुळवले होते.

"रेज," तो म्हणाला. "नो आस्क. नेव्हर. रेज नो आस्क."

लिंडाचे डोळे भरून आले. तिनं त्याला मिठी मारली. खरंय, म्हणाली, बाबांनी कधी कोणाकडं काही मागितलं नाही. फार साधा माणूस.

काशीनाथनं मान हलवली, हात हलवला, फाटकाकडं दाखवलं, कुलूप फिरवल्यासारखं केलं. रेजनं त्याला गावाचा तीनशे वर्षांचा इतिहास हातवाऱ्यांनी सांगितला होता. त्याला एक वाक्य सांगता येईना. लिंडानं त्याला रेजचा मफलर दिला आणि दारापर्यंत पोचवलं.

"तू सांग तिले," तो घरी येऊन सम्यकला म्हणाला.

"बाबा, प्लीज. तिचे वडील गेलेत. तिला मी काय सांगू, की सही करू नको, तुझ्या वडिलांना मोटाररस्त्यानं घेऊन जा? तिची इच्छा नाही ती, रेजची आहे."

"रेजची इच्छा वाटेनं जायाची हाय. परवानगीनं जायाची नाई."

"दुसरा ऑप्शन आहे का? कुलूप तोडायचं? ती जबरदस्ती. तीही चालत नाही कायद्याला."

हेही खरंच होतं. बाबासाहेब तळ्यावर गेले अन् पेले असं बाप सांगायचा, पण त्या तळ्याला कुलूप नव्हतं आणि मालक डोळे पुसत उभा नव्हता.

"मी नाई करत सही," काशीनाथ म्हणाला.

"नका करू," सम्यक म्हणाला. जरा जास्तच लवकर म्हणाला.

अंत्ययात्रेच्या दिवशी सहा जणांनी खांदा दिला, त्यात सम्यक. दीक्षा ड्युटीवर होती. काशीनाथ नऊलाच मफलर गुंडाळून मोटाररस्त्याला लागला. दोनशे पावलं गेला असेल, तर मागून कांताबाई.

"तू कायले आली वं?"

"ट्रकखाली आले तं ओळखाले कोनी पायजे ना."

तीन मैलांना दोघांना दोन तास लागले. ट्रक आला की झुडपात पाठ रुतवून उभं राहायचं, गेला की पुढं. एका चालकानं काच खाली करून काहीबाही सुनावलं. कांताबाईनं त्याला वऱ्हाडीत परत केलं. दुसऱ्या मैलाला तिचा गुडघा बोलू लागला, पण ती बोलली नाही. एका खिंडारातून पलीकडचं वावर दिसत होतं. लांबून सहा माणसं पेटी खांद्यावर घेऊन ओढ्याची फळी ओलांडत होती, मागं काळ्या कपड्यांतली दहा-बारा. दगड आला. काशीनाथ पाहत राहिला. पेटी टेकवली नाही कोणी. तशीच पुढं गेली. सांगणारा रस्त्यावर झुडपात उभा होता, तर टेकवणार कोण?

चर्चमध्ये ते मागच्या बाकावर बसले. पुरणं झालं. माती टाकताना काशीनाथनं एक ढेकूळ उचललं, चुरडलं आणि टाकलं. मग दुकानामागच्या हॉलमध्ये चहा, पातळ सँडविचेस. साडेतीनला पाऊस भुरभुरू लागला. कांताबाईचा गुडघा नारळाएवढा सुजला होता.

"आई, तुम्ही दोघं वाटेनंच चला आता," सम्यक म्हणाला. "दहा मिनिटांत निघू. चारला गेट बंद होईल."

"आमची सही नाई त्याच्यावर," काशीनाथ म्हणाला. "तू जाय. गाडी घेऊन ये."

सम्यक खाली पाहू लागला.

"बाबा, नावं मी टाकली आहेत. चौघांची. आपल्या घराची सही मीच केली. मला वाटलं, ऐन वेळी तुम्ही आलात आणि प्रेंटिसनं अडवलं तर तमाशा नको."

काशीनाथनं पोरावर रागवावं तर पोरानं काय केलं होतं? बापानं सात वर्षांमागं केलं तेच, तेवढ्याच चांगल्या मनानं. सकाळपासूनचे तीन मैल, ट्रक, काटे, सगळं फुकट. तो रस्त्यानं येत होता तेव्हाही त्याचं नाव त्या कागदावर वावरातूनच चाललं होतं.

"आईकलं ना?" कांताबाई भिंतीला धरून उठली. "नाव गेलंच हाय तं आता पाय कायले मांगं ठेवता? माह्यानं रस्त्यानं होत नाई. गाडीची वाट पाहत पावसात बसनं होत नाई. चाला."

"मी धरतो आईला," सम्यक म्हणाला.

"तू लिंडासंगं ऱ्हाय. तिले कोनी नाई," कांताबाई म्हणाली. "हे धरतीन मले."

ती दोघं वावरात उतरली. म्हातारी चार पावलं चालायची, थांबायची. पावसानं गवत निसरडं झालं होतं. पुढची माणसं कधीच पार झाली होती. खुंटे ठोकून ठेवले होते जागोजाग, पॅनलच्या रांगांसाठी, टोकाला नारिंगी फिती. दगडापाशी कांताबाई बसली. काशीनाथ उभाच राहिला.

"बसा ना."

"चार वाजून ऱ्हायले."

"वाजू द्या. उचलून तं नाई नेनार आपल्याले."

फाटकाशी पोचली तेव्हा सव्वाचार होऊन गेले होते. प्रेंटिस तिथं उभा होता, छत्री न घेता, टोपीवरून पाणी ठिबकतंय. साखळी एका हातात, दुसऱ्या हातानं फाटक धरून. पंधरा मिनिटं जास्त झाल्याचं त्यानं तोंडावर दाखवलं नाही. कांताबाई जवळ आली तसा तो दोन पावलं पुढं झाला, तिला कोपराला धरून खडीवर घेतलं. काशीनाथला म्हणाला, रेजसाठी वाईट वाटतं. काशीनाथला एवढं इंग्रजी कळत होतं. ती दोघं बाहेर आल्यावर त्यानं फाटक लोटलं, साखळी घातली. कुलूप लागल्याचा आवाज फार लहान होता.

वस्तीच्या रस्त्यावर आल्यावर कांताबाई म्हणाली, "मानूस काही वाईट नाई वो हा."

"नाई ना," काशीनाथ म्हणाला. "थेच तं."

"थेच तं काय?"

"वाईट असता तं त्याच्यासंगं काही करता आलं असतं."

कांताबाईनं त्याचा दंड घट्ट धरला. गुडघा वाकत नव्हता, पायरी ओली होती. "हातभर उचला मले," ती म्हणाली. काशीनाथनं तिला उचललं, किल्ली शोधली, आणि मान वाकवून दोघं आत गेली.